शेजारणीची लाज

परदेशात लेकीकडे गेले होते. एका सकाळी तिची शेजारीण, एक निवृत्त शिक्षिका, चहाला आली आणि टीव्हीकडे बघतच राहिली. त्यांच्या माजी पंतप्रधानांना लाच घेतल्याबद्दल तुरुंगात नेत होते.

"जगात आमची नाचक्की झाली," ती म्हणाली. लेकीने मला मराठीत सांगितलं.

मी मात्र तिच्या त्या लाजेवर जळले. अशाच देशाची जगात पत राहते, हे तिला कोण सांगणार? आमचे मंत्री जामिनावर सुटले तेव्हा चौकात जेसीबीने फुलं उधळली होती. मीही गच्चीतून बघत होते.

"तुमच्याकडे अशा वेळी काय होतं?" तिने विचारलं.

"सांग तिला, आमच्याकडे अशी वेळच येत नाही."

लेकीने सांगितलं. शेजारणीने माझा हात हातात घेतला. "भाग्यवान आहात," ती म्हणाली.