टेबलावरचे चार देश

आमच्या जेवणाच्या टेबलावर अकरा महिने चार देश नांदत होते आणि आम्ही दोघं खाली चटईवर बसून जेवत होतो.

अन्वय, रेवा, या गोष्टीचा शेवट तुम्ही डोळ्यांनी पाहिलात. मधले महिने मात्र मी तुम्हाला दर रविवारी व्हिडिओ कॉलवर "सगळं जागेवर आहे" या तीन शब्दांत उरकून सांगत आले. पहिले दहा महिने ते खरंही होतं. उरलेलं आता लिहून देते. रेवाने "आजी, पूर्ण आणि खरं लिही" अशी ताकीद दिली आहे, आणि माझ्याच तोंडची वाक्यं मला कोणी ऐकवली की मी निमूट ऐकते.

तर, गेल्या जानेवारीत तुम्ही कॅनडाहून तो खेळ घेऊन धानाच्या मुलखातल्या आपल्या गोरेगावला आलात. आधी म्हणे तो कॉम्प्युटरवर खेळायचा होता, मग कोणीतरी पुठ्ठ्यावर उतरवला. सहा कोनांचे तुकडे जोडून नकाशा मांडायचा, राजधानी वसवायची, शहरं वाढवायची, जगातली आश्चर्यं बांधायची, आणि जो सगळ्यात मोठी संस्कृती उभारेल तो जिंकला. नियमांचं पुस्तक मी पेन्सिल हातात घेऊन दोनदा वाचलं आणि तुमच्या आबांसाठी त्याचा मराठीत अनुवाद केला, कारण आबांना इंग्रजी नियम आवडत नाहीत. (मराठी नियमही आवडत नाहीत, हे नंतर कळलं.)

अन्वयचा देश निळा, रेवाचा लाल, आबांचा हिरवा, माझा पिवळा. मधूनमधून काळ्या रंगाच्या रानटी टोळ्या येऊन शहरांवर चालून जात. बघायला आलेले शेजारचे तेजरामभाऊजी म्हणाले, "टोळ्या कायच्या वहिनी, हे तर रानडुकरं होत. धानात शिरतेत तसेच शिरून राहिले." त्या दिवसापासून आमच्या खेळात रानटी टोळ्या नाहीत, रानडुकरं आहेत.

डाव संपायच्या आत तुमची नागपूरला जायची गाडी दारात आली. रेवा चपला घालता घालता परत आत आली आणि म्हणाली, "आजी, काहीच हलवायचं नाही. हा डाव संपवायला आम्ही पुढच्या हिवाळ्यात येणार."

आता हे तुम्हाला माहीत नसेल. त्याआधी तुम्ही तीन वेळा "पुढच्या वर्षी येतो" म्हणाला होतात आणि तीनही वर्षं आला नव्हतात. काही ना काही निघायचं, परीक्षा, पोहण्याची स्पर्धा, महाग तिकिटं. या वेळी पहिल्यांदाच तुमचं काहीतरी आमच्याकडे अडकून पडलं होतं. मी मनात ठरवलं की जोवर हा डाव जागेवर आहे, तोवर हिवाळा नक्की आहे.

म्हणून मी त्याच दुपारी एक नवी वही काढली. चौतीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं आहे, त्यामुळे कोणत्याही जागेचा नकाशा मी वर्गासारखा काढते. पहिली रांग, खिडकीकडून तिसरा बाक, निळं शहर. दुसरी रांग, पाचवा बाक, रानडुक्कर. शेजारी शेऱ्याचा रकाना. मग धुळीपासून वाचवायला माळ्यावरून रेवाच्या पाळण्यातल्या दिवसांची ती छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी काढली आणि टेबलावर ठेवली. चारही देश तिच्यात बरोबर मावले.

चौथ्या दिवशी मागच्या आळीतल्या शेवंताबाई आल्या. मच्छरदाणी पाहून त्यांनी एकदम आवाज खाली आणला.

"माय वो मॅडम, बोलल्या नाई तुम्ही. कोणाचं लेकरू हाय?"

"लेकरू नाही, शेवंताबाई. खेळ आहे."

"झोपलं का?"

"खेळ आहे, म्हटलं ना."

"बरं बरं, उठवत नाई मी," असं म्हणून त्या पाय न वाजवता निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी लोकरीचं टोपडं घेऊन हजर. मी मच्छरदाणी उचलून दाखवली. बाईंनी पिरॅमिड पाहिला, रानडुक्कर पाहिलं, माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि टोपडं तसंच ठेवून गेल्या. (तुम्ही ज्यात फासे ठेवता ते हेच.)

शेवंताबाईंचं एकवेळ परवडलं. खरी डोकेदुखी घरातच होती. रोज संध्याकाळी चार वाजता तेजरामभाऊजी यायचे आणि ते अन् आबा चहाचे कप घेऊन टेबलाशी उभे राहायचे. आधी मला वाटलं, बघताहेत बिचारे. मार्चमध्ये वही घेऊन तपासणी केली तर आबांच्या हिरव्या राजधानीशेजारी पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण.

"अहो, हे काय आहे?"

"बोडी," आबा म्हणाले.

"बोडी?"

"हो. शेततळं नाई म्हणत का तुम्ही शिकलेले लोक, ते. गावाले बोडी नाई तर धान कायनं पिकन?"

"नियमांत बोडी नाही."

"म्हणूनच तर बांधली."

तेजरामभाऊजींनी मान डोलावली. "पाण्याची सोय नाई आन पिरॅमिड बांधून राहिले. असा राजा एक साल टिकत नाई, वहिनी."

मी झाकण उचललं. आठवड्याने ते परत आलं. पुन्हा उचललं. मग एक रानडुक्कर तोंड फिरवून रेवाच्या देशाकडे बघायला लागलं. मी दोघांना समोर बसवलं आणि नियम केला की टेबलाजवळ यायचं तर हात मागे बांधून. शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटापाशी मुलांना असंच उभं करत असे. दोघांनी तो नियम पाळला. चहा मात्र त्यांना मी पाजावा, अशी अपेक्षा धरली. "हात बांधून हायेत आमचे," आबा म्हणाले.

मे महिन्यात कूलर लावला तेव्हा टेबल आडवं होतं, वारं मच्छरदाणीत शिरायला लागलं. आम्ही तिघांनी मिळून ते अर्धं फिरवलं. इतकं सावकाश की तेजरामभाऊजी म्हणाले, त्यांची बैलजोडीही इतक्या अदबीने कधी वळली नाही. एक तुकडा हलला नाही. मी वहीत काही लिहिलं नाही, कारण हललंच काही नव्हतं.

मग दिवाळी झाली आणि गावची मंडई आली. मंडईला आपल्याकडे घरोघर पाहुणे येतात, कोणी जत्रा बघायला, कोणी नाटक बघायला. आमच्याकडे सतरा आले, त्यातले सहा दहा वर्षांच्या आतले. मी सकाळपासून टेबलाशेजारी खुर्ची टाकून परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखी बसले. पोरं जवळ आली की मी फक्त चष्म्यावरून बघायची. स्वयंपाक सगळा आबांच्या बहिणींनी केला. त्या काय बोलल्या ते मी ऐकलं, पण उठले नाही. संध्याकाळी पाहुणे गेले तेव्हा चारही देश सहीसलामत होते आणि मच्छरदाणीच्या एका कोपऱ्यावर फक्त हळदीची पाच बोटं होती.

आता इथून पुढचं मला लिहायला जड जातं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घर आवरायला घेतलं. ताटं ताटांत लावली. वाट्या वाट्यांत. चमचे मोजले, मोठे वेगळे, लहान वेगळे. चादरींच्या घड्या केल्या. मग ती हळदीची बोटं निघतात का बघावं म्हणून मच्छरदाणी भिजत घातली. मग टेबल पुसावं म्हटलं. हाताला लय सापडली होती. निळं निळ्यात, लाल लालमध्ये, रानडुकरं सगळी एका पिशवीत. पुठ्ठ्याचे तुकडे मागच्या आकड्यांप्रमाणे चढत्या क्रमाने लावले. खोक्यातला प्रत्येक कप्पा बरोबर भरला. झाकण बसवलं, त्यावर दोन रबरबँड लावले, टेबल ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्याने. खरं सांगते, त्या दुपारी मला फार समाधान वाटलं.

आबा झोप काढून बाहेर आले. टेबलाकडे बघत राहिले.

"अवो," ते म्हणाले, "आपला देश कुठं गेला?"

मी खाली बसले. खाली म्हणजे चटईवर, सवयीने.

आबा एरवी मला हसायची संधी सोडत नाहीत. त्या दिवशी हसले नाहीत, म्हणजे माझं तोंड कसं झालं असेल याची कल्पना करा. "रडतेस कायले? तुझी वही हाय ना," ते म्हणाले.

वही होती. पहिली रांग, खिडकीकडून तिसरा बाक. पण टेबल मे महिन्यात फिरवलेलं. आता खिडकी कोणाच्या उजवीकडे? शिवाय वर्गातला बाक चौकोनी असतो, त्याच्या मागे एकच बाक असतो. या नकाशाचे तुकडे सहा कोनांचे, प्रत्येकाच्या मागे दोन. तासभर मी मांडत होते. रेवाची राजधानी समुद्रात गेली. अन्वयचा देश दोन ठिकाणी निघाला.

"तेजरामले बोलावू का?" आबांनी विचारलं.

"त्यांना काय कळतंय?"

"कळत नाई त्याले. पण दिसते."

तेजरामभाऊजी आले, हात आपोआप मागे बांधून उभे राहिले. सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम," ते म्हणाले. एरवी मला वहिनी म्हणतात. "हात सोडायची परवानगी हाय का?"

"सोडा."

"आन बोडी?"

मी आबांकडे पाहिलं. आबा छताकडे पाहत होते.

"ठेवा बोडी," मी म्हणाले.

मग त्या दोघांनी चहाचा एकेक कप संपेपर्यंत चारही देश पुन्हा मांडले. शेताचे धुरे, म्हणजे बांध, दाखवावेत तसे. "रेवाच्या शहराले लागून जंगल. जंगलाच्या वरच्या अंगाले डुक्कर. डुकराच्या खाली पडीक, पडिकाच्या धुऱ्याले तुझं पिवळं गाव." एकदाही अडले नाहीत. दहा महिने रोज संध्याकाळी ते काय बघत होते, ते मला तेव्हा कळलं. शेतकरी आपल्या बांधीकडे, धानाच्या वाफ्याकडे बघतो तसं बघत होते.

फक्त एका जागी आमचं वाजलं. माझ्या पिवळ्या राजधानीशेजारची जागा त्यांनी रिकामी सोडली.

"इथे माझा मनोरा होता," मी म्हणाले.

"नव्हता वो वहिनी."

"वहीत लिहिलंय. पि. मनोरा. हे बघा."

"वहीत असंल. टेबलावर नव्हता."

"भाऊजी, वही म्हणजे वही." आणि मी स्वतःच्या हाताने मनोरा ठेवला. आबा निळं झाकण नीट बसवण्यात गुंतले होते. बोडी मिळाली होती त्यांना.

त्यानंतरचे सगळे रविवार मी कॅमेरा जरा लांबूनच फिरवला. "सगळं जागेवर आहे," मी म्हणायची, आणि रेवा म्हणायची, "तिकिटं काढली, आजी." रात्रीचं जेवण जायचं नाही मला.

तुम्ही डिसेंबरात आलात. बूट न काढता टेबलाकडे धावलात. आणि अन्वयने खिशातून फोन काढला.

"थांब, फोटोशी जुळवून बघू."

"कसला फोटो?" मी विचारलं.

"निघताना काढला होता ना. डाव लक्षात राहावा म्हणून."

मी खुर्ची ओढून बसले. "फोटो होता? मग हलवू नकोस कशाला सांगितलंत?"

"आम्हाला काय माहीत तू खरंच ठेवशील," अन्वय म्हणाला. "मला वाटलं, दोन दिवसांत आवरशील."

"मला नव्हतं वाटलं," रेवा म्हणाली. (रेवा, हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं आहे.)

मग तुम्ही तुकडान् तुकडा पडताळलात. जंगल बरोबर. पडीक बरोबर. रानडुकरं सगळी, तोंडांसकट बरोबर. अन्वयने निळ्या झाकणावर बोट ठेवलं. "हे फोटोत नाही."

"बोडी हाय ते," दारातून तेजरामभाऊजी म्हणाले. "फोटो काढला तवा आटली असंल."

आणि मग रेवाने फोन दोन बोटांनी मोठा केला. माझ्या राजधानीशेजारी काहीच नव्हतं. रिकामी जागा, चांगली स्पष्ट.

"आजी, हा मनोरा?"

"वहीत आहे," मी म्हणाले आणि वही पुढे केली.

रेवाने वही घेतली आणि मोठ्याने वाचलं. पि. मनोरा. मग तिने शेजारचा शेऱ्याचा रकाना वाचला, जो मी त्या दिवशी चष्म्याशिवाय सोडून दिला होता. माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "पुढच्या पाळीला बांधणे."

तेजरामभाऊजी अंगणात जाऊन हसले, तेवढी सभ्यता त्यांनी दाखवली. आबांनी तीही दाखवली नाही.

डाव आबा जिंकले. तुम्ही दोघांनी बोडीला नियमांत जागा दिलीत आणि दर पाळीला दोन पोती धान मंजूर केलंत, मग दुसरं काय होणार? मी चौथी आले. जाताना तुम्ही नवा डाव मांडून अर्धाच सोडून गेलात, तेव्हा आम्ही पुन्हा चटईवर जेवायला बसलो आहोत आणि माझी काही तक्रार नाही. या वेळी राखणीला तेजरामभाऊजींना नेमलंत, तेही योग्यच. त्यांनी वही ठेवलेली नाही. नियम एकच ठेवला आहे, आणि तो फक्त मला लागू आहे. टेबलाजवळ यायचं तर हात मागे बांधून.

हे लिहिण्यापुरते त्यांनी सोडायची परवानगी दिली आहे.