लाल दिसलं की हात मागं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, चहा निवायच्या आत. कारण हा गाढवपणा सांगता सांगता मी स्वतःच मध्ये विचारात पडतो.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी कॉम्प्युटर सांभाळतो. हाताखाली एकच मुलगी, गारगोटीची रूपाली. नवी लागलेली, कामाला चोख. तिला कायम करायचं की नाही, हे मालक त्याच महिन्यात ठरवणार होते. आणि विचारणार कुणाला? मलाच की.

आमच्याकडं दोन सर्व्हर. एक चालू, ज्याच्या जिवावर कंपनीचा माल हलतो. दुसरा चाचणीचा, त्यावर काहीही खेळा. दोन्हीकडं पडद्यावरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचे. हुकमाची वाट बघत जी ओळ थांबलेली असते, तिला प्रॉम्प्ट म्हणतात. त्यात सर्व्हरचं नाव असतं, लांबलचक आणि रुक्ष.

एका रविवारी मला हौस आली. नावं काढून टाकली, एक नाजूक बाण ठेवला आणि दोन्ही खिडक्यांना रंग दिले. तेही तयार रंग नव्हेत बरं का! रंगांच्या चकतीवर माउस फिरवत, डोळ्यांना पटेपर्यंत छटा निवडल्या. चालूला गडद लाल, चाचणीला फिकट हिरवा. सोमवारी रूपालीच्या मशीनवरही बसवून दिलं आणि ऐटीत सांगितलं, "लाल दिसलं की हात मागं. हिरवं दिसलं की बिनधास्त."

दुपारी तिला म्हटलं, चाचणीवरच्या जुन्या नोंदी पुसून टाक. तिनं पुसल्या. थोड्याच वेळात गेटवरून फोन आला. गेटपास निघेना, ट्रक अडकलेत, ड्रायव्हर शिव्या घालतायत.

पुसलं गेलं होतं चालू सर्व्हरवरचं.

"रूपाली, लाल खिडकीत हुकूम दिलास?"

"न्हाय सर. हिरवीतच दिला."

"ही हिरवी?"

"व्हय की. शेवाळ्यागत हिरवी हाय."

मी पडद्याला नाक लावून बघितलं. चक्क लाल! खरं सांगतो, मला राग नाही आला. कीव आली. बिचारीच्या डोळ्यांत दोष, आणि तिला पत्ताच नाही.

नोंदींची आदल्या दिवशीची प्रत जपून ठेवलेली होती म्हणून संध्याकाळपर्यंत ट्रक हलले. मालक वर आले. त्यांनी पडद्याकडं बघितलंसुद्धा नाही, मी सांगितलं तेवढं त्यांना पुरलं.

"पोरीचं डोळं तपासून आण," ते मला म्हणाले. "रंगच कळत नसतील तर कायम कशी करू?"

रूपालीचा चेहरा उतरला. "मला दिसतंय ओ सर," एवढंच म्हणाली.

"घाबरू नको," मी मोठेपणानं म्हणालो. "असतं एकेकाला."

दुसऱ्या दिवशी मीच तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. ठिपक्यांत आकडा लपलेला असतो, तो ओळखायचा. रूपाली पान उलटलं की धडाधड आकडा सांगत सुटली. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. मला राहवेना.

"डॉक्टर, ही मनानं सांगतीय. इथं आकडाच नाही."

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. ते माझ्याकडं वळले.

"पावणं, तुम्ही बसा बघू हितं."

पुढचं सांगायला हवं का? दोष माझ्याच डोळ्यांत निघाला; चकतीवर लाल समजून मी शेवाळी हिरवा निवडला होता. तांबडा रस्सा तांबडा असतो, हे मी जन्मभर त्याच्या नावावरून मानत आलो होतो. सिग्नलचा वरचा दिवा लागला की थांबायचं, एवढंच मला ठाऊक. आपण बघतो ते सगळे तसंच बघतात, यात शंका घ्यायची वेळच कधी आली नव्हती.

पण टोचलं ते दुसरंच. ती खिडकीकडं बोट दाखवून खरं सांगत होती, आणि मी जुना म्हणून माझे डोळे खरे ठरले. तिची नोकरी जायची होती माझ्या हौसेपायी. फार लाज वाटली.

परत येऊन मालकांना तिच्यासमोरच सगळं सांगितलं.

"पोरगी कायम," ते म्हणाले. "आता तुझं काय करू?"

तेवढ्यात रूपालीच म्हणाली, "राहू द्या की मालक त्यास्नी. रंग सोडलं तर बाकीचं येतंय."