पत्रकातली गाळलेली ओळ

गिरणीत पाळीवर निघालेल्या बाईच्या पाठीवर त्या हात ठेवायच्या. चोळीखाली आवळलेलं फडकं बोटांना लागलं की तिला जागीच थांबवायच्या. "सोड गं ते. दूध लेकराचं हाय, गिरणीचं न्हाई."

माधवनगरच्या आमच्या चाळीतल्या नर्सबाई म्हटलं की हा हात आणि हे वाक्य आठवतं. तान्हं घरी ठेवून आठ तास उभं राहायचं. चोळी भिजू नये म्हणून बायका छाती बांधून टाकत. दूध आटे, मग बाटली येई. तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील. पाठीवर हात मात्र ठेवला नसेल.

बाई सांगत, लेकराला जास्त दिवस अंगावर पाजलं तर छातीतल्या वाईट गाठीचा धोका कमी होतो. चाला. अंग सुटू देऊ नका. भज्यांपेक्षा पालेभाजी खा. मुकादमाची बायको स्टेशनापर्यंतसुद्धा टांग्याने जाई. तिला त्यांनी भर रस्त्यात अडवलं. "आवं वैनी, घोडं लय वाळलंय. त्याला बसवा टांग्यात, तुमी चाला." ती महिनाभर बोलली नाही; पण चालू लागली.

मी पत्रकांवर वाढलेली पोर. सभा असो, संप असो, मजकूर माझा. बाईंचं सांगणं मी लिहून घेतलं, तेव्हा त्यांनी शेवटची ओळ सांगितली, "एवढं करूनबी गाठ येऊ शकती. आली तर लपवू नका."

ती ओळ मी गाळली. लढायला बोलावताना हरण्याची गोष्ट कोण लिहितं? मी ठळक टाइपात छापून घेतलं : हे करा, कॅन्सर टाळा!

बाईंनी पत्रक दोनदा वाचलं. "माझी वळ कुठाय?"

"जागा नव्हती." मी खोटं बोलले.

"घोषणेला बरी घावली."

पुन्हा छापायला कागद नव्हता. पत्रकं चाळभर गेली, उरलेला गठ्ठा बाईंच्या खोलीत राहिला.

पुढच्या वर्षी त्यांनी मला बोलावलं आणि दाराला कडी घातली. आंघोळ करताना त्यांच्याच हाताला गाठ लागली होती.

"मिरजेला दवाखान्यात गेले, तर बाया म्हणतील, एवढं चालून काय उपेग झाला? परत फडकी बांधतील. न्हाई गेले, तर लपवू नका म्हणणारी मीच लपवती." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लय ब्येस कोंडलंस मला, पोरी."

मी इतक्या घोषणा लिहिल्या होत्या, त्यातली एकही त्या कडी लावलेल्या खोलीत उपयोगाची नव्हती.

तीन आठवडे त्या मिरजेला गेल्या नाहीत. नळावर पाठींवर हात ठेवत राहिल्या, पण पूर्वीसारखं रागावणं नव्हतं.

मग एका सकाळी नळाजवळ बसून, गठ्ठा मांडीवर घेऊन, प्रत्येक पत्रकाखाली त्या पेनने ती ओळ लिहिताना दिसल्या. बायका जमल्या. गिरणीत सुताच्या कांड्या भरणाऱ्या सखूने विचारलं, "कुनाला आली गाठ, बाई?"

"मला."

बादली भरून वाहू लागली, तरी कुणी हलेना.

"रोज मैलभर चालनाऱ्या तुमाला?"

"व्हय. चालल्यानं धोका कमी हुतो, मिटत न्हाई. हे हिनं लिवलं न्हाई, आन मी गप बसले."

मी तिथेच उभी होते. कुणी मला बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

सखूने नळ बंद केला. खालमानेनं म्हणाली, "मलाबी हाय. दोन म्हयने झालं. मी तर चार पोरं पाजली, म्हनून लाज वाटली."

"मग लुगडं बदल. दोघी जाऊ. स्टेशनापतूर चालत."

त्या दोघी रुळाकडच्या रस्त्याने गेल्या. सखू बरी होऊन परत आली. बाई आल्या नाहीत.

एक पत्रक अजून नळामागच्या भिंतीवर आहे. पाण्याच्या शिंतोड्यांनी शाईची ओळ पुसट होते. सखूला अक्षर येत नाही. पण पाळीवर जाण्याआधी ती कोळशाने ती ओळ गिरवते, आणि मग शेजारणीच्या पाठीवर हात ठेवते.