कात्रणाची मागची बाजू

घरात तिला सगळे 'चौकशी' म्हणत. लहानपणी दुकानात गिऱ्हाईक आलं की बापाने टेप हातात घ्यायच्या आत ही विचारायची, "काका, तुमचा एक खांदा खाली का?" शिंपी बाप बिचारा कानकोंडा व्हायचा. त्यामुळे मोठी झाल्यावर पोरगी पत्रकारितेच्या वर्गात जाऊन बसली, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. आई एवढंच म्हणाली, "चला, परक्याच्या घरात नाक खुपसायचं आता सर्टिफिकेट मिळेल."

आणि जन्मभर नको तिथे प्रश्न विचारणाऱ्या या पोरीने जिथे विचारायला हवा होता, नेमका तिथेच विचारला नाही.

वर्गाचं एक पाक्षिक निघत असे. शहरातलं जुनं थिएटर फार वर्षांपूर्वी जळालं होतं, त्या आगीवर लेख लिहायचं काम सरांनी तिला दिलं. "लायब्ररीत जा, कात्रणांची फाइल काढ," ते म्हणाले. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर लोखंडी कपाटं होती. वर्तमानपत्रांतल्या बातम्या कापून, जाड कागदावर डकवून, विषयवार लावलेल्या फाइली त्यांत होत्या. थिएटरच्या आगीची फाइल पातळच निघाली. पहिलं कात्रण दुसऱ्याच दिवशीचं: 'ऑपरेटरच्या सिगारेटने थिएटर खाक, अनेकांचा बळी'. त्याखाली पुढच्या वर्षांतले आठवणींचे लेख, आणि प्रत्येकात तीच सिगारेट. इतके जण तेच सांगतात म्हणजे खरंच असणार, असं तिला वाटलं. ते सगळे याच फाइलीतलं पहिलं कात्रण वाचून लिहायला बसले असतील, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. शेजारच्या खोलीत त्याच वर्तमानपत्रांचे बांधीव खंड होते, जडशीळ आणि धुळीने माखलेले. तिकडे ती फिरकलीसुद्धा नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला कुणाला आवडत नाही?

लेख पहिल्या पानावर आला. मथळा होता 'एका सिगारेटची किंमत', आणि खाली तिचं नाव. सरांनी वर्गात पाठ थोपटली. बापाने अंक दुकानात, गिऱ्हाइकाला दिसेल असा टांगला.

मग एक दिवस वर्गाबाहेरच्या बाकावर एक म्हातारी बाई येऊन बसली. पिशवीतून घडी केलेला अंक काढून तिने विचारलं, "हे तू लिहिलंस का गं?"

"हो, आजी."

"माझे मिस्टर सिगारेट ओढत नव्हते. दमा होता त्यांना." म्हातारीचा आवाज चढला नाही. "पंख्याच्या वायरीने पेट घेतला. ते बाल्कनीचं दार उघडायला वर गेले. बाल्कनीतली माणसं खाली आली, ते आले नाहीत."

"पण पेपरात तर..."

"पेपरातच आलं होतं की नंतर, चौकशी झाल्यावर! बारीक अक्षरात. मी जपून ठेवलं होतं, भाड्याची घरं बदलताना कुठे गेलं कोण जाणे. दर थोड्या वर्षांनी कुणीतरी असं लिहितं. मी म्हणायची, जाऊ दे, मेलेल्या माणसाला काय कळतंय. पण या वेळी नातीने वाचलं." तिने अंकाची घडी पुन्हा घातली. "मला म्हणाली, आजी, आजोबांनी माणसं मारली का?"

त्या दिवशी पोरगी घरी न जाता दुकानात जाऊन बसली आणि बापाला सगळं सांगितलं. बाप मेजावर कापड पसरत होता. ते त्याने नेहमीसारखं उलटं केलं आणि मागची बाजू तळव्याने चाचपत गेला.

"रोज काय बघता हो तुम्ही?" ती चिडून म्हणाली. मनात वेगळंच जळत होतं.

"डाग असतो, वीण विरलेली असते. कात्री लावल्यावर बघून काय उपयोग?" मग तो टांगलेल्या अंकाकडे गेला, तो खाली उतरवला आणि तिच्यासमोर ठेवला. "आता काय करणार?"

"शोधणार."

सरांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "पुरावा आण. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर खुलासा छापता येत नाही." म्हणजे ते चार शब्द सापडले नाहीत, तर त्या नातीच्या प्रश्नाला घरातल्या माणसाच्या शब्दापलीकडे उत्तर नव्हतं. ती खंडांच्या खोलीत जाऊन बसली. खुलासा नक्की कधी आला होता ते म्हातारीला आठवत नव्हतं, म्हणून आगीच्या दिवसापासून एकेक पान. बोटं काळी झाली, शिंका थांबेनात. वर्ग बुडाले. ग्रंथपाल बाई मध्येच येऊन ओला रुमाल देऊन जायच्या.

आणि तो सापडला. आतल्या पानावर, अगदी तळाशी: आग सदोष वायरिंगमुळे लागली, ऑपरेटर निर्दोष, त्यांनीच बाल्कनीचं दार उघडलं. झालं, संपलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यावर कोपऱ्यात कुजबुजत मागितलेली माफी.

"मग हे फाइलीत का नाही?" तिने बाईंना विचारलं.

"पान उलट," बाई म्हणाल्या.

मागे, नेमक्या त्याच जागी, पोहण्याची शर्यत जिंकलेल्या मुलीचा फोटो होता. वर्तमानपत्राच्या दोन प्रती यायच्या, एक बांधायला आणि एक कापायला. बाईंनी क्रीडा विभागाची फाइल काढली. ती हसरी मुलगी तिथे डकवलेली होती. बाईंनी कागद खिडकीच्या उजेडात धरला, तेव्हा तिच्या चेहऱ्यातून उलटी अक्षरं पुसट दिसू लागली. इतकी वर्षं तो माणूस तिथे डिंकाखाली निर्दोष होता! पोरगी तिथेच, खुर्चीवर बसून रडली.

सरांनी पुरावा पाहिला. मान्य केलं. "चौथ्या पानावर चौकट देऊ," ते म्हणाले.

"चूक पहिल्या पानावर होती, सर."

"अगं, पाक्षिकाची अब्रू..."

"त्यांची नव्हती का? माझं नाव घाला खाली. तेव्हा होतं तेवढ्याच मोठ्या अक्षरात."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पहिल्या पानाचा मजकूर बाजूला काढायला सांगितलं.

नवा अंक घेऊन ती म्हातारीकडे गेली. म्हातारीने नातीला वाचायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. एकदा झाल्यावर म्हणाली, "परत वाच." मग तिने पोरीचा हात हातात घेतला. "बाळा, पुढच्या वेळी कुणी लिहायला बसलं, तर त्याला हे सापडेल का गं?"

पोरगी तिथून तडक ग्रंथालयात गेली. "आता कात्रणं कुणी कापत नाही," बाई म्हणाल्या, "ते काम केव्हाच बंद पडलं. तुला हवं तर तू लाव." त्यांनी खणातून कात्री आणि डिंकाची बाटली काढून दिली.

तिने अंक मेजावर पसरला. चौकटीच्या कडेला कात्री टेकवली, आणि थांबली. पान उलटलं. मागे चार ओळींत बातमी होती, कँटीनचा म्हातारा आचारी वारल्याची.

तिने कात्री बाईंना परत दिली. अख्खं पान घडी घालून फाइलीत ठेवलं, त्या पहिल्या कात्रणाच्याही वर.