हाय का?

व्यंकटला सकाळचा फोन लावला की मी कधी ‘हॅलो’ म्हणालो नाही. पहाटे बुटाच्या नाड्या बांधून झाल्या की नांदेडहून मी विचारायचं, ‘हाय का?’ लातूरहून त्यानं म्हणायचं, ‘हाय.’ एवढं झालं की फोन बंद. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या मराठवाड्यात ‘हाय’ म्हणजे ‘आहे’. त्यात नमस्कार-चमत्कार काही नाही. आहेस का? आहे. मग पळ.

त्या दिवशी फोन बराच वेळ वाजला. मी लग्नापासून निवृत्तीच्या समारंभापर्यंत कुठंही सूत्रसंचालन करणारा माणूस, त्यामुळे फोन उचलल्याचं कळताच नाटकातल्या राजासारखा आवाज लावून विचारलं, ‘हाय का?’ पलीकडे कुठंतरी नळ वाहत होता. मग व्यंकटच्या बायकोचा, मंगलवहिनींचा आवाज आला, ‘न्हाईत हो, भाऊजी...’

इतक्या कमी अक्षरांत मित्राच्या जाण्याची बातमी कुणाला मिळाली नसेल. दारातल्या पायरीवर बसून तो बूट घालत होता. एक घालून झाला होता, दुसरा हातात होता. भिंतीला टेकलेला पाहून वहिनींना वाटलं, जरा बसलाय. खिडकीत ठेवलेला फोन वाजत राहिला आणि तो उचलायला उठला नाही, तेव्हा त्यांना कळलं. म्हणजे माझ्याच फोननं त्यांना कळलं आणि त्यांच्याकडून मला.

व्यंकट मूळचा लातूरजवळच्या मुरुडचा. नांदेडला कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. पुढं मी बँकेत लागलो, त्यानं लातुरात पाण्याच्या मोटारींचं दुकान टाकलं. चाळिशी उलटल्यावर पोटं सुटली आणि आम्ही पळायला लागलो. तिसरा आमचा शफीभाई, मूळ बिलोलीचा, नांदेडला इलेक्ट्रिकचं दुकान. एका रविवारी व्यंकट आमच्याकडे यायचा, पुढच्या रविवारी आम्ही शनिवारीच लातूरला जाऊन त्याच्या घरी मुक्काम ठोकायचो आणि उजाडायच्या आत मुरुडच्या रस्त्याला लागायचो. त्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या येतात. मागचा दिवा नाही, पुढचा असला तर एकच. मी भित्रा माणूस आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. म्हणून मीच पद्धत पाडली. शफीभाई पुढे, मी मध्ये, व्यंकट मागे. ट्रॉली घासून गेली की मी ओरडायचो, ‘हाय का?’ पुढून शफीभाई, ‘हाय रे बाबा, जिंदा हाय!’ आणि मागून व्यंकटचं जाड, सावकाश, शेपूट लांबवलेलं ‘हाऽय’. ते ऐकलं की माझा श्वास खाली यायचा. व्यंकट चिडवायचा, ‘ह्यो सुध्या पळायला येतच न्हाई. हजेरी घ्यायला येतो.’

मग शफीभाईच्या डोक्यात परदेशी मॅरेथॉनचं खूळ शिरलं. आयर्लंडमधल्या एका शहरातली शर्यत त्यानं मोबाइलवर बघितली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी, टाळ्या वाजवतायत, लहान लेकरं हात पुढं करतायत. ‘इधर अपने पीछे कुत्ते लगते, उधर लोग ताली बजाते,’ तो म्हणाला. या एका वाक्यावर आम्ही तिघं पारपत्राच्या रांगेत उभे राहिलो. व्यंकटनं दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली. एका शेतकऱ्यानं विचारलं, ‘तिथं जाऊन पळून काय मिळतंय?’ व्यंकट म्हणाला, ‘मेडल.’ तो म्हणाला, ‘आन् इथं पळाल्यावर?’ व्यंकट म्हणाला, ‘भूक.’

वहिनींनी धपाटे दिले, शेंगाचटणी दिली, आणि विमानतळावर सगळ्यांसमोर मला सांगितलं, ‘भाऊजी, ह्यांच्याकडं बघा. हे दुखलं-खुपलं सांगत न्हाईत.’ व्यंकट लाजून शफीभाईच्या मागं उभा राहिला. मी छातीवर हात ठेवून, भर सभेत शपथ घ्यावी तसा म्हणालो, ‘वहिनी, ही जबाबदारी माझी!’ माझ्या मते टाळ्यांचं वाक्य होतं. त्या हसल्या नाहीत.

शर्यतीच्या सकाळी थंडी अशी की दात वाजत होते. तिथले लोक जुने स्वेटर घालून येतात आणि पळायला सुरुवात करताना काढून कडेला फेकून देतात. नंतर ते गोळा करून गरजूंना देतात म्हणे. व्यंकटला हे काही पटलं नाही. त्याचा स्वेटर वहिनींनी विणलेला होता. तो त्यानं कंबरेला गच्च बांधला. खिशाला चेन नव्हती म्हणून स्वतःचा फोन माझ्या पट्ट्याच्या पाकिटात टाकला आणि म्हणाला, ‘सांभाळ. आन् बोंबलत राहा मधून मधून.’

शफीभाई पहिल्याच वळणाला दिसेनासा झाला. मी सवयीप्रमाणे मान न वळवता ओरडलो, ‘हाय का?’ आणि मागून काय आवाज उठला म्हणता! बायका, म्हातारे, पोरी, सगळे हात हलवत ओरडले, ‘हाय! हाय!’ कडेला उभी असलेली आजीसुद्धा म्हणाली, ‘हाय!’ केळ्याचा पिवळा वेष घातलेला एक दांडगा माणूस माझ्याजवळून पळत होता, तो तर दोन्ही हात वर करून ‘हाऽय!’ म्हणाला. त्या सगळ्या गलबल्यात मागून व्यंकटचं हसणं ऐकू आलं. ‘सुध्या, लई ओळख हाय की तुझी हितं!’ मी आयुष्यात इतक्या सभा गाजवल्या, पण असा प्रतिसाद कधी मिळाला नाही. मग मला चेवच आला. दर थोड्या वेळानं मी ‘हाय का?’ करायचो, सगळा रस्ता ‘हाय’ म्हणायचा, आणि त्यात कुठंतरी ते जाड, सावकाश ‘हाऽय’ असायचं. मी खुशीत पुढं पळायचो.

अर्ध्याच्या पुढं पाय जड झाले. पाऊस भुरभुरायला लागला, गर्दी विरळ झाली. मी हाक दिली. मागून ‘हाऽय’ आलं. पुन्हा दिली, पुन्हा आलं. पुढं चढ लागला आणि मला वाटलं, गड्याला चढ जड जाईल, थोडं थांबू. मी थांबलो आणि वळून पाहिलं.

मागं केळं होतं.

केळं थकलेलं होतं, तरी माझ्याकडे पाहून हात वर करून म्हणालं, ‘हाऽय!’ त्याच्यामागं रस्ताभर माणसं होती आणि त्यात व्यंकट नव्हता. किती वेळ मी त्या केळ्याला व्यंकट समजून पळत होतो, मला कळेना. ते कधी मागं आलं? व्यंकट कधी गेला? मी कडेला उभा राहून खऱ्या आवाजात, रडवेला होऊन ओरडलो, ‘व्यंकट! हाय का रे?’ आणि पळणारी माणसं प्रेमानं हात हलवून म्हणत गेली, ‘हाय! हाय!’ भुताटकी म्हणतात ती काय असते, ते मला त्या पावसात, भर दुपारी, शेकडो हसऱ्या माणसांमध्ये कळलं.

मागं जाऊ लागलो तर पिवळ्या जाकिटातल्या स्वयंसेवकानं हातानं पुढं वळवलं. मला इंग्रजीत भाषण येतं, पण त्या क्षणी ‘माय फ्रेंड, माय फ्रेंड’ याच्यापुढे सरकता येईना. त्यानं माझी पाठ थोपटली आणि सांगितलं की तो पुढं भेटेल. सगळ्यांचे मित्र पुढंच भेटतात, असं त्याला वाटत असावं. मग मी पळालो. ते पळणं नव्हतंच, ते घाबरणं होतं.

शेवटच्या कमानीखाली शफीभाई मेडल दातात धरून उभा होता. माझा चेहरा बघून त्यानं ते खाली घेतलं. ‘व्यंकट किधर है?’ मी मान हलवली. तेवढ्यात माझ्या पट्ट्याशी व्यंकटचा फोन वाजायला लागला. पडद्यावर नाव होतं, ‘घर’.

मी उचलला. वहिनी. त्यांना वाटलं होतं व्यंकटच उचलेल. ‘भाऊजी? तुम्ही कसं? हे हायेत का?’

शाळेपासून मी नाटकात कामं केली, गावोगावी गणपतीपुढं बक्षिसं घेतली. त्यातलं कुठलंही काम त्या एका वाक्याच्या जवळपास जात नाही. मी म्हणालो, ‘हायेत की! हायेत! तिकडं पाणी पितायत.’ वहिनी ‘बरं’ म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. मी तिथंच ओल्या रस्त्यावर बसलो.

माणसं येत राहिली. केळं आलं. लंगडणारे आले, आजोबा आले, एकमेकांना धरून रडणाऱ्या दोघी बहिणी आल्या. कमानीजवळचे कठडे काढायला सुरुवात झाली. दर वेळी वळणावर कुणी सावळा दिसला की शफीभाई माझा दंड दाबायचा आणि मग सोडायचा. आणि मग वळणावरून चांदीचं काहीतरी हळूहळू चालत आलं. पोळ्या गुंडाळतात तसल्या चकचकीत कागदाची चादर अंगावर, कंबरेला वहिनींचा स्वेटर. मी ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. तोच लांबून म्हणाला, ‘हाय रे... हाय. रडू नको.’

त्याची हकिकत त्यानंच तिथं कमानीखाली बसून सांगितली. पळताना छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं म्हणून तो मदतीच्या तंबूत शिरला. तिथल्या कोवळ्या पोरीनं विचारलं, पेन? म्हणजे, दुखतंय का? हा म्हणाला, ‘हाय.’ ती हसून म्हणाली, ‘हाय!’ तिनं पुन्हा विचारलं, हा पुन्हा म्हणाला, ‘हाय, हाय.’ माणूस घाबरला की त्याचं इंग्रजी आधी पळून जातं. शेवटी यानं छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘हितं. हाय.’ तर तिनंही स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि आपलं नाव सांगितलं! ‘मग काय करता,’ व्यंकट म्हणाला, ‘मी पण नाव सांगितलं. तिनं चादर दिली. जरा बसलो, बरं वाटलं, आलो चालत.’

आम्ही तिघं हसत सुटलो. शफीभाई लोळायचा तेवढा बाकी राहिला. हसता हसता माझ्या मनात त्या पोरीचा छातीवरचा हात आला, आणि मग व्यंकटचा हात आला. मी विचारलं, ‘आता दुखतंय का?’ तो म्हणाला, ‘आता न्हाई.’ हसू तिथंच संपलं.

परत आल्याबरोबर त्याला लातुरात डॉक्टरकडे नेलं. हृदयाची एक नळी अडली होती, ती मोकळी केली. गोळ्या सुरू झाल्या, पळणं सावकाश झालं. डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी दुखलं होतं का? व्यंकट म्हणाला, ‘सांगितलं होतं की मी. तिला कळलं न्हाई.’ हा किस्सा पुढं त्यानंच इतक्या लग्नांत सांगितला की लोक मला वगळून त्याच्याभोवती जमायचे. मी आपला लोकांबरोबर टाळ्या द्यायचो. पण नांदेडहून लातूरला रोज पहाटे फोन करायची सवय मला तेव्हापासून लागली. घंटी वाजायची आणि तो उचलेपर्यंत माझ्या मागं कुणीतरी केळं पळत असायचं. मग ते जाड, सावकाश ‘हाऽय’ यायचं, आणि दिवस सुरू व्हायचा. तो कधी वैतागला नाही. एकदा फक्त म्हणाला, ‘सुध्या, एखाद्या दिवशी न्हाई म्हणलो तर काय करशील?’ मी त्याला लई शिव्या दिल्या.

तेराव्याला लातूरला गेलो होतो. ती चांदीची चादर वहिनींनी घडी करून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवलेली दिसली. शफीभाई तिच्याकडे बघत बसून राहिला. परत आल्यावर माझं पळणं बंद झालं. पहाटे जाग यायची, मी पायरीवर जाऊन बसायचो, बूट समोर असायचे. एक घालायचा धीर व्हायचा, दुसरा हातात आला की छातीत काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांनी ईसीजीचा कागद काढून बघितला, काही नाही म्हणाले. माझी बायको म्हणाली, ‘नाटकं करू नका.’ आयुष्यात पहिल्यांदाच मी ती करत नव्हतो.

अशाच एका पहाटे हातात बूट घेऊन बसलो असताना फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, ‘व्यंकट’.

बूट हातातून पडला. घंटी वाजत राहिली. मी तो कसा उचलला, मला आठवत नाही. कानाला लावला. पलीकडे नळ वाहत होता.

‘भाऊजी,’ मंगलवहिनी म्हणाल्या, ‘इतकी वर्षं तुमच्या फोनवर ह्या घरात दिवस निघत होता. आता निघंना झालाय.’ मग म्हणाल्या, ‘त्या शर्यतीच्या दिवशी तिकडं पाणी पीत न्हवते ते. मला तवाच कळलं होतं, तुमच्या आवाजावरून. आता नाटक करायचं न्हाई. खरं सांगायचं. हाय का?’

मी खाली बघितलं. एक बूट पायात, दुसरा पायरीवर आडवा पडलेला.

‘हाय, वहिनी.’

‘मग पळा,’ म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

तेव्हापासून रोज येतो. त्या नंबराचं नाव मी बदललेलं नाही. रोज पहाटे पडद्यावर ‘व्यंकट’ उजळतं, रोज माझ्या काळजाचा ठोका चुकतो, आणि मग मी दुसरा बूट घालतो.