चंपाबाईचा हापसा

रत्नमालाबाईंनी अर्ध्या मराठवाड्याचं पाणी तपासलं, पण माहेरच्या हापशाचं तपासायला त्यांना रिटायर व्हावं लागलं. ते का, ते ऐका.

करमाडच्या पुढं, आत गेलं की त्यांचं गाव. बहात्तरच्या दुष्काळापर्यंत तिथल्या बौद्धवाड्यातल्या बायांना विहिरीला हात लावायची सोय नव्हती. कुणी येईल, वरून ओतेल, तोवर घागर घेऊन उन्हात बसायचं. रत्नमालाबाईंची माय चंपाबाई या बसण्याला विटली. चार जणींना घेऊन तिनं तहसील गाठली, तीही पुन्हा पुन्हा, साहेब कंटाळेपर्यंत. शेवटी वाड्यात बोअर पडला, हापसा बसला. पहिला दांडा चंपाबाईनं मारला आणि शाळकरी रत्नमालेनं ओंजळ धरली.

"पी," माय म्हणाली. "आता कुणाला इचारायचं नाय."

पोरगी पाण्याच्याच मागं लागली म्हणा ना. शहरात शिकली, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, आणि खडकातून पाण्यात काय काय उतरतं ते शोधत एसटीनं गावं पालथी घालू लागली. तेव्हा आपल्याकडं हा विषय कुणाच्या गावीही नव्हता. पिशवीतल्या बाटल्या बघून लोकांना वाटायचं, बाई काहीतरी विकायला आली. ती शिकवायची त्या कॉलेजातले तर तिला 'पाणीवाली' म्हणून चिडवायचे. पुढं तिच्याच तपासण्यांवरून दात डागाळणाऱ्या, हाडं आखडवणाऱ्या फ्लोराइडचे कितीतरी बोअर बंद झाले, पिऊ नये म्हणून त्यांना लाल रंग लागला, तेव्हा तीच मंडळी हार घेऊन रांगेत उभी. चालायचंच.

माहेरी गेलं की मात्र बाटली पिशवीतच राहायची. त्या हापशावर संशय घ्यायचा म्हणजे मायवर घेतल्यासारखं. मायचे गुडघे आखडले, पाठ लाकडासारखी ताठ झाली, तेव्हा एवढ्या शहाण्या बाईनं काय म्हणावं? वय झालं, जन्मभर ओझी वाहिली! दुसऱ्या गावात अशी म्हातारी दिसली असती तर तिनं आधी तिथलं पाणी तपासायला उचललं असतं.

मग रिटायर झाल्यावर एका दिवाळीत भाऊ कडुबाची नात तिच्यापुढं खळखळून हसली. दातांवर तांबूस पट्टे होते. ते कशाचे, हे रत्नमालाबाईंना कुणी सांगायला नको होतं. तरी त्यांनी बाटली भरली आणि शहरातल्या घरी न जाता तडक कॉलेजातली जुनी प्रयोगशाळा गाठली. फ्लोराइडचा आकडा हद्दीच्या कितीतरी वर आला. पुन्हा तपासलं, तोच आला. बाई तिथंच स्टुलावर बसून रडल्या.

हापसा बंद झाला, लाल झाला. वाड्याला दुसरीकडून नळ आला. चंपाबाई तोवर अंथरुणाला खिळली होती, तिला अंगणसुद्धा दिसत नव्हतं. रत्नमालाबाईंनी वाड्यातल्या एकेकीचा हात धरून सांगितलं, "मायला कळू देऊ नका. हे तिनं आणलेलं पाणी आहे." नाही कुणी म्हणालं नाही.

पण म्हातारीचे कान शाबूत होते.

"हापसा वाजत नाय गं?"

"बिघडलाय, माय."

"मग दुरुस्त कर की. पाण्याची एवढी मोठी डॉक्टर ना तू?"

"करते."

रविवारी गेलं की हाच सवाल, हाच जवाब. नळाचं पाणी पाजलं की चंपाबाई तोंड वाकडं करायची आणि लेकीला चार शब्द सुनवायची. कडुबाला ते बघवेना. एकदा त्यानं बहिणीला ओट्यावर गाठलं.

"आक्का, सांगून टाक. किती ऐकून घेशील?"

"काय सांगू? नातवंडां-पतवंडांना तिनं आपल्या हातानं काय पाजलं, ते सांगू?"



चंपाबाई मागच्या उन्हाळ्यात गेली. शेवटच्या दिवसांत भेटायला येईल त्याला ती म्हणायची, "लेक लई शिकली, लई हार घेतले. पर तिला एक हापसा नीट करता आला नाय."

"व्हय माय, नाय जमलं मला," उशाशी बसलेल्या रत्नमालाबाई म्हणायच्या, आणि तिचे आखडलेले पाय चेपायला उठायच्या.