तुडूम बंद होता

अर्जुनी मोरगावकडच्या एका गावात उदाराम हा तलावाचा पाणकर. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती वेळ पाणी सोडायचं ते तोच ठरवी. धान कापला की तुडूम, म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं तोंड, तो चिखल आणि तणसाने लिंपून टाकी. त्यानंतर उरलेलं पाणी गावच्या ढोरांचं. पावसाळ्यापर्यंत त्याला कुणी हात लावत नसे.

यंदा मार्चमध्येच तलावाची कड आत सरकली. तुडूम गळत असेल म्हणून उदारामने पाण्यात उतरून तो पुन्हा लिंपला. पाणी उतरतच राहिलं. त्याने आणखी एकदा लिंपला.

"बाबा, कायले चिखलात लोळता?" मुलगा वीरेंद्र पाळीवरून ओरडला. "गुराखी म्हैस समजून हाकलून नेईल तुमाले. तुडूम नाई गळत. आपली विहीर पाहा."

पाळीखाली ओळीने विहिरी होत्या आणि प्रत्येकीवर सौरपंप. जुनी मोटर वीज खायची, बिलाचा धाक असायचा, म्हणून उन्हाळी धान एखाद्या बांधीपुरता. नव्या पंपाने वीज वाचली. खरंच वाचली. म्हणून तर सगळ्यांनी सगळ्या बांध्यांत धान लावला. दिवसभर विहिरी उपसत आणि तलाव जमिनीखालून त्या भरत राही. तिथे लिंपायला तोंडच नव्हतं.

उदाराम शेजारच्या प्रफुलकडे गेला आणि पंप बंद ठेवायला म्हणाला.

"काका, मी तुडुमाले हात लावला का?"

"नाई."

"मंग? विहीर माही, ऊन देवाचं. तुमचा पंप काऊन चालून रायला? पैले तो बंद करा, मंग या पाणकरकी कराले."

उदारामने पंप बंद केला. वीरेंद्र भांडला नाही. "आपण न उपसलेलं पानी प्रफुलच्या विहिरीत जाऊन रायलं," एवढंच म्हणाला, "तलावात नाई."

धान पोटरीत आला होता. बांध्या तडकल्या. तलाव उतरतच गेला आणि ढोरं पाण्यापर्यंत जाताना गाळात रुतू लागली. तेव्हा उदारामने स्वतःच्या हाताने पंप चालू केला.

पंपाची धार पडताना पाहून गुराखी कळप घेऊन बांधावर आला.

"पाणकर, इथंच पाजू का?"

उदारामने धानाकडे पाहिलं, ढोरांकडे पाहिलं. मग बाभळीची एक फांदी ओढत आणली आणि ढोरांच्या वाटेवर आडवी टाकली.